महाद्वार रोड ते बिंदू चौक: जुन्या कोल्हापुरात पायी फिरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरला येणारे बहुतेक लोक अंबाबाईचं दर्शन घेतात, चप्पल घेतात, मिसळ खातात आणि ज्योतिबा किंवा पन्हाळ्याची वाट धरतात. देवळाभोवतीचं गाव मात्र बघायचं राहूनच जातं. ते बघावं, आणि पायीच बघावं, असा आमचा आग्रह आहे. बाहेरगावचे पाहुणे आम्हाला जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

जुनं कोल्हापूर म्हणजे नेमका कुठला भाग?

अंबाबाईचं देऊळ मध्यभागी धरा. पश्चिमेला देवळाला लागून महाद्वार रोड, उत्तरेला गुजरी आणि शिवाजी चौक, पूर्वेला जुना राजवाडा, भवानी मंडप आणि पुढं बिंदू चौक, दक्षिणेला खासबाग आणि मिरजकर तिकटी (तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा). अठराव्या शतकाच्या शेवटी छत्रपतींची राजधानी पन्हाळ्यावरून इथं आली. गावाला तट होता, तटाला वेशी होत्या. आता तट जवळजवळ सगळा गेला, पण गंगावेश, रंकाळा वेश ही नावं रोजच्या बोलण्यात आहेत. पत्ता विचारलात तर कुणी रस्त्याचं पाटीवरचं नाव सांगणार नाही. पापाची तिकटी, माळकर तिकटी, बिनखांबी असंच सांगतील. ही चार-पाच नावं लक्षात ठेवली की गाव सापडतं.

किती वेळ काढावा?

निदान अर्धा दिवस, दर्शनाच्या रांगेचा वेळ सोडून. एका दिवसात ज्योतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी आणि कोल्हापूर असा बेत असेल, तर त्यातलं एक ठिकाण कमी करा. या गल्ल्यांतली खरी गंमत रेंगाळण्यात आहे, आणि गाडीचा हॉर्न वाजत असताना रेंगाळता येत नाही.

स्टेशनवरून किंवा एसटी स्टँडवरून कसं यायचं? गाडी कुठं लावायची?

छत्रपती शाहू महाराज टर्मिनस आणि मध्यवर्ती बसस्थानक जवळजवळ आहेत. तिथून देऊळ दोन-अडीच किलोमीटरवर. केएमटीची बस मिळते, रिक्षा मिळते. रिक्षात बसण्याआधी भाडं किंवा मीटर ठरवून घ्या. स्वतःची चारचाकी असेल तर बिंदू चौकातल्या वाहनतळावर किंवा दसरा चौकाच्या बाजूला लावा. महाद्वार रोडवर गाडी घालण्याच्या भानगडीत पडू नका. शुक्रवारी, रविवारी, पौर्णिमेला आणि सुट्ट्यांत तिथं माणसालाच वाट काढायला मिळत नाही.

सुरुवात कुठून करावी?

आमची शिफारस बिंदू चौकातून. सकाळी लवकर तिथं उतरा, भवानी मंडपातून जा, खासबाग बघा, मिरजकर तिकटीवरून बिनखांबी गणेश मंदिराकडं वळा आणि मग महाद्वार रोडनं उत्तरेकडं चालत या. देवळाचं महाद्वार उजव्या हाताला लागतं. दर्शन करून गुजरीतून शिवाजी चौक, चप्पल लाइन आणि पाय शिल्लक असतील तर भाऊसिंगजी रोडनं टाउन हॉलपर्यंत. ज्यांना पहाटेचंच दर्शन हवं, त्यांनी हाच क्रम उलटा करावा. पहाटे देवळात गर्दी कमी असते आणि दगड थंड असतो.

देवळात दर्शनाशिवाय काय बघावं?

बाहेरच्या भिंती. आत जाताना सगळ्यांचं लक्ष रांगेत असतं, बाहेर पडताना प्रसादात. दर्शन झालं की देवळाला एक प्रदक्षिणा अगदी सावकाश घाला. काळ्या दगडाच्या या भिंती सरळ जात नाहीत. त्यांना जागोजागी कोन आहेत, त्यामुळं दर दोन पावलांवर ऊन वेगळ्या बाजूनं पडतं. त्या कोनांत कोरलेल्या सुरसुंदरी बघा. कुणी वाद्य वाजवतेय, कुणी नाचतेय. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या दागिन्यांची कोरीव रेघ न् रेघ उठून दिसते, भर दुपारी तीच मूर्ती सपाट वाटते.

आत तीन गाभारे आहेत: मधे अंबाबाई, दोन बाजूंना महाकाली आणि महासरस्वती. देवीच्या गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग, म्हणजे शिवलिंग आहे. खालचं दगडी काम जुनं आणि वरची विटा-चुन्याची शिखरं नंतरची, हा फरक अंगणात उभं राहिलं की डोळ्यांना कळतो. मधल्या धामधुमीच्या काळात मूर्ती लपवून ठेवलेली होती. १७१५ च्या विजयादशमीला तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली.

देवळाला चार दरवाजे आहेत. पश्चिमेचं महाद्वार सगळ्यांना माहीत असतं. उत्तरेचा घाटी दरवाजा मात्र आवर्जून बघा, तिथं मोठी घंटा आहे. शुक्रवारी मुक्काम असेल तर रात्री अंगणात निघणारी देवीची पालखी चुकवू नका. रांगेत उभं न राहता, गावच्या लोकांच्या बरोबरीनं उभं राहून बघता येणारा हा सोहळा आहे.

एक सूचना: झटपट दर्शन करून देतो म्हणून रस्त्यात कुणी गाठलं तर सरळ देवस्थान समितीच्या कार्यालयात चौकशी करा.

किरणोत्सव कधी असतो? तेव्हा यावं का?

वर्षातून दोनदा. साधारण ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. देवी पश्चिमाभिमुख आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून सरळ गाभाऱ्यात येतात. परंपरेनं पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. सगळा खेळ काही मिनिटांचा असतो.

किरणं दरवेळी मुखापर्यंत पोचतातच असं नाही. आकाशात ढग असले, हवेत धूळ किंवा बाष्प जास्त असलं तर ती वाटेतच मंदावतात. पश्चिमेकडं वाढलेल्या बांधकामांचा अडथळा हा तर कित्येक वर्षांचा विषय आहे. म्हणून आम्ही सांगतो, यायचं तर तिन्ही दिवसांची तयारी ठेवून या. आणि किरणांच्या वेळी गाभाऱ्यासमोर जागा मिळेल ही आशा ठेवू नका. बाहेर पडद्यावर थेट दाखवतात, गावातले लोकही तिथंच हात जोडून उभे असतात. देऊळ बांधणाऱ्यांनी सूर्याची दिशा किती नेमकी साधली, हे बघायचं असेल तर त्या दिवसांत तिन्हीसांजेला देवळाकडं पाठ करून महाद्वारात उभे राहा. सूर्य कुठं टेकतो ते बघा, म्हणजे ती सरळ रेघ कळेल.

भवानी मंडपात काय आहे?

जुन्या राजवाड्याचं हे प्रवेशाचं अंगण. वरचा नगारखाना मान वर करून बघण्यासारखा. आत तुळजाभवानीचं देऊळ आहे, ते छत्रपती घराण्याच्या कुलदेवतेचं. शाहू महाराजांचा पुतळा आणि शिकारीतले पेंढा भरलेले प्राणी बघायला लहान मुलं हटून बसतात. लागूनच मेन राजाराम हायस्कूल आहे. त्या दगडी इमारतीत आजही वर्ग भरतात, तेव्हा शाळेच्या वेळात आवाज जपून.

खासबाग मैदान रिकामं असताना बघण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि आमच्या मते या फेरीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण आहे.

शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. त्या दौऱ्यात रोमचं कलोसियम त्यांनी पाहिलं, आणि कुस्तीसाठी तसं मैदान आपल्याकडं हवं हे मनात घेतलं. १९०७ ला काम सुरू झालं, १९१२ ला मैदान खुलं झालं. मधे हौदा, म्हणजे मातीचा आखाडा, आणि त्याच्याभोवती सगळीकडून वर चढत गेलेली बसायची जागा. शेवटच्या ओळीत बसा आणि हौद्याकडं बघा: मधे एकही खांब नाही, एकाही माणसाचं डोकं आड येत नाही. हजारो माणसांना मातीतली पकड न् पकड दिसावी म्हणून केलेली ही योजना आहे. गरीब गड्यालाही राजाइतकीच नीट कुस्ती दिसते, हे त्या बांधणीतच आहे.

हौद्यातली माती बघा. लाल माती चाळून घेतलेली असते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवतात. त्यामुळं ती अंगाला टोचत नाही, खरचटलं तर जखम चिघळत नाही. चप्पल घालून हौद्यात पाय ठेवू नका. मल्ल आत उतरताना माती कपाळाला लावतात.

जिवंत तालीम बघायची असेल तर जवळ मोतीबाग आहे, थोड्या अंतरावर गंगावेश तालीम आहे. पहाटे किंवा संध्याकाळी जा, दारातून वस्तादांना विचारा, परवानगी दिली तर कडेला शांत बसा. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे (१९५९) याच गावात घडले. त्यांच्यानंतर १९६० ला हिंदकेसरी झालेल्या गणपतराव आंदळकरांनी मोतीबागेत मल्लांच्या पिढ्या तयार केल्या. आज तिथं दंड-बैठका मारणारी पोरं खेड्यापाड्यांतून आलेली असतात. घरातनं दूध, तूप, बदामाचा खर्च कसाबसा भागवून आईबापांनी पाठवलेली. त्यांच्या सरावात फोटोसाठी व्यत्यय आणू नका.

शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह बघता येतं का?

शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून ते उभारलं, पुढं कोल्हापूरचे सुपुत्र संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव त्याला दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेच्या बाजूला जमलेले कलाकार, बॅकस्टेजची पोरं, ज्यांनी आयुष्यात एकच नाटक पाहिलं असे लोकसुद्धा रडत होते. नाट्यगृह पुन्हा जसंच्या तसं उभं करण्याचं काम हाती घेतलेलं आहे. जाताना बाहेरून का होईना, थांबून बघा.

अस्सल कोल्हापुरी चप्पल कशी ओळखायची?

शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनमध्ये दुकानाला दुकान लागून आहे, आणि तिथं अस्सल मालाबरोबर रेक्झिनचा मालही टांगलेला असतो. घाई करू नका. चप्पल हातात घ्या.

आधी उलटी करून तळ बघा. अस्सल चप्पल चामड्याच्या वादीनं शिवलेली असते. तळाला टाके दिसतात, खिळे दिसत नाहीत. कडेला चामड्याचे थर एकावर एक बसलेले दिसले पाहिजेत. मग वास घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याला एक उग्र, मातकट वास असतो, रसायनाचा नव्हे. मग कान बघा, म्हणजे दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या त्या पट्ट्या; कान आणि तळ यांचा जोड घट्ट हवा. शेवटी पट्ट्यावरची वेणी. हातानं विणलेल्या वेणीत अगदी किंचित कमी-जास्त असतंच.

कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाळी, पुकरी असे प्रकार विचारा. दुकानदार जाणकार असेल तर खुलून बोलतो आणि वरच्या फळीवरचा माल खाली काढतो. कर्र-कर्र वाजणारी हवी असेल तर ‘विंचू घातलेली’ मागा.

माप थोडं घट्ट घ्या. चामडं चार-आठ दिवसांत पायाचा आकार धरतं आणि सैल होतं. सुरुवातीला अंगठा लागत असेल तर पट्ट्याला आतून एरंडेल किंवा खोबरेल तेल चोळा. पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली तर चामडं कडक होऊन तडकतं.

भावाबद्दल एवढंच म्हणू. २०१९ ला या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. पण ती बनवणारे हात चर्मकार समाजातल्या घरांतले आहेत. पुरुष कापतात, ठोकतात, शिवतात. वेणी बहुतेक वेळा घरातल्या बाया घालतात. एका जोडाला लागणारं काम कमावलेलं चामडं ठोकून सरळ करण्यापासून सुरू होतं. त्यात शेवटच्या पन्नास रुपयांसाठी घासाघीस केली की ती कपात दुकानदाराच्या नफ्यातून होत नाही, त्या घरापर्यंत पोचते. सुभाषनगरच्या बाजूला कारागिरांची घरं आहेत, तिथं थेट घेता आलं तर उत्तम.

गुजरीत साज घ्यायचा नसेल तरी जावं का?

जरूर. महाद्वार रोड आणि भाऊसिंगजी रोड यांना जोडणारी ही सराफांची गल्ली. कोल्हापुरी साज दाखवा म्हणालात तर बहुतेक पेढ्यांवर आपुलकीनं दाखवतात. परंपरेनं त्यात एकवीस पानं: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरलं. कासव, मासा, नरसिंह असं एकेक पान बोटानं सरकवत ओळखायचं. सोन्याच्या पातळ पत्र्यात लाख भरलेली असते, म्हणून दिसायला भरीव असूनही वजन हलकं. घ्यायचाच असेल तर हॉलमार्क बघा आणि लाखेचं वजन कसं धरलंय ते पावतीवर लिहून घ्या. ठुशी, बेलपान टिक, मोहनमाळही इथंच. चांदी हवी असेल तर हुपरी जवळ आहे.

बिंदू चौकातल्या पुतळ्यांचं एवढं महत्त्व का?

महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे हे पुतळे भाई माधवराव बागल यांच्या पुढाकारानं ९ डिसेंबर १९५० ला बसवले गेले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. आरक्षणाचा जाहीरनामा १९०२ मध्येच काढणाऱ्या शाहू महाराजांच्या गावानं हे करावं, हे आम्हाला अभिमानाचं वाटतं. चौकात जुन्या तटाचा तुकडा शिल्लक आहे, त्याच्या आत सबजेल. सभा, मोर्चे, आंदोलनं आजही इथूनच निघतात.

शिवाजी चौकातला अर्धपुतळाही असाच. तिथं पूर्वी मुंबई इलाख्याचा इंग्रज गव्हर्नर विल्सन याचा पुतळा होता. बेचाळीसच्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोन बायकांनी तो विद्रूप केला. पुढं १९४५ ला त्या जागी शिवाजी महाराज आले, त्यात भालजी पेंढारकर आघाडीवर होते. भाजी घेऊन चाललेल्या माणसाला विचारा, बहुतेकांनी ही गोष्ट घरी ऐकलेली असते.

सिनेमाच्या इतिहासाच्या खुणा कुठं आहेत?

बिनखांबीपासून जवळच खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ती आठवण. परदेशी कॅमेरा मिळेना म्हणून या गावच्या मिस्त्री-चित्रकारांनी कॅमेरा स्वतः घडवला. प्रभात फिल्म कंपनीही १९२९ ला इथंच सुरू झाली, पुण्याला नंतर गेली. गर्दीच्या रस्त्यावर तो स्तंभ पटकन दिसत नाही. विचारावं लागतं.

टाउन हॉल म्युझियमसाठी वाकडी वाट करावी का?

वेळ असेल तर हो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती तिथं आहे. पंचगंगेच्या काठाचा दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार होता, याचा हा हातात मावेल एवढा पुरावा. सोमवारी म्युझियम बंद असतं.

खायचं काय, आणि कुठं?

मिसळ सकाळीच खा. इथं ती स्लाइस ब्रेडबरोबर येते आणि कट वेगळा मागून घेता येतो. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, त्यात कमीपणा नाही. तांबडा-पांढरा रस्सा दुपारी किंवा रात्री, साध्या खानावळीत. पांढरा आधी प्या. खासबागेजवळ संध्याकाळी भेळेच्या गाड्या लागतात.

एक गोष्ट मात्र दुसरीकडं सहसा मिळणार नाही: दूध कट्टा. गंगावेशीत आणि मिरजकर तिकटीला संध्याकाळी म्हशी घेऊन गवळी येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढतात. पेला हातात येतो तेव्हा वर बोटभर फेस असतो आणि दूध अंगच्या उबेचं असतं. तालमीतली पोरं उभ्या उभ्या पेले रिचवतात. कच्चं दूध पोटाला मानवत नसेल किंवा बरोबर लहान मूल असेल तर नुसतं बघा.

नवरात्रात यावं का?

गर्दीची तयारी असेल तर. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला टेकडीवर जाते, तिथं कोहळा फोडतात. अष्टमीच्या रात्री नगरप्रदक्षिणा निघते; महाद्वार रोड आणि गुजरी रांगोळ्यांनी भरून जातात. दसऱ्याला सूर्यास्ताच्या वेळी दसरा चौकात छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होतं आणि क्षणात सगळा चौक सोनं लुटायला धावतो. या दिवसांत मुक्कामाची सोय फार आधी करावी लागते आणि गाड्या दूरच अडवतात.

वयस्कर माणसांना ही फेरी झेपेल का?

रस्ते सपाट आहेत, चढ नाहीत. दुपारचं ऊन टाळा. दर्शनाच्या रांगेत ज्येष्ठांसाठी काय सोय आहे ते देवळाच्या दारातच विचारून घ्या. भवानी मंडप, बिनखांबी, कपिलतीर्थ मंडईजवळचं कपिलेश्वराचं देऊळ या टेकायच्या जागा. कपिलेश्वर गावाचं ग्रामदैवत आहे आणि तिथं रांग नसते.

पावसाळ्यात आलो तर?

जून ते सप्टेंबर पाऊस दणकून असतो. गल्ल्या तेव्हा सुरेख दिसतात, पण निघण्याआधी पंचगंगेची पातळी बघा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी गावात शिरलं होतं आणि पुणे–बंगळुरू महामार्गही बंद झाला होता. देवळाचा परिसर उंचावर आहे. पाणी आधी येतं ते शुक्रवार पेठेत पंचगंगा घाटाच्या बाजूला. पातळी चाळिशीच्या जवळ असेल तर बेत पुढं ढकला. त्या दिवसांत गावातली माणसं, लॉज, शाळा, रिक्षा, सगळं पूरग्रस्तांच्या मदतीला लागलेलं असतं.